जंतांना दाद न देणारा बोकड: उस्मानाबादी कळपात निवड कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाराशिवकडचा चाळीस उस्मानाबादी शेळ्यांचा कळप, चराई माळावर आणि पाझर तलावाच्या कडेने. दर श्रावण-भाद्रपदात करडे पांढरी पडतात, जबड्याखाली पाणी उतरते, काही दगावतात. जंतांचे औषध दर महिन्याला सगळ्यांना पाजले जाते, तरी फरक नाही. मग मुळातच रोगाला दाद न देणारी जात किंवा बोकड आणला तर हे थांबेल का?

विकत आणलेल्या बोकडाने थांबणार नाही. तुमच्याच कळपातून, पावसाळ्यात लेंड्या तपासून निवडलेल्या बोकडाने हळूहळू कमी होईल. मात्र त्यासाठी सरसकट औषध पाजणे आधी बंद करावे लागेल, कारण त्यामुळे कोणती शेळी जंतांना आवरते आणि कोणती नाही, हे कधी दिसतच नाही.

कोणता रोग पैदाशीने आवरतो

पीपीआर (शेळ्यांतली बुळकांडी), आंत्रविषार, लाळ-खुरकूत, देवी या रोगांना पैदाशीत उत्तर शोधू नका. त्यांना लस आहे आणि ती स्वस्त आहे. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाले की द्यायची. तिचे संरक्षण किमान तीन वर्षे टिकते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यायची. पहिल्यांदा देताना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, पुढे दरवर्षी एक. ओला हिरवा चारा अचानक वाढला की हा रोग एका रात्रीत चांगली धष्टपुष्ट करडे नेतो, म्हणून मृग लागण्याआधीच लसीकरण उरकलेले असावे.

पीपीआरच्या साथीतून वाचलेल्या शेळीला 'प्रतिकारक' मानून तिची करडे जपून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिचा उपयोग नाही. ती शेळी रोग होऊन गेल्यामुळे सुरक्षित आहे. चिकातून करडाला जे मिळते ते तिने तयार केलेले प्रतिद्रव्य, आणि ते तीन-चार महिन्यांत संपते. नातवंडांपर्यंत त्यातले काहीच पोचत नाही.

पैदाशीने खरोखर हलणारी गोष्ट म्हणजे पोटातल्या जंतांचा, त्यातही हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताचा प्रतिकार. खुरसडा आणि कासदाह यांतही थोडेफार साधते, पण तिथे साधा नियम पुरतो: एकाच शेळीला पुन्हा पुन्हा होत असेल तर ती आणि तिचे नर पैदाशीतून बाद. जंतांना एवढा साधा नियम लावता येत नाही, कारण जंत डोळ्यांना दिसत नाहीत आणि डोळ्यांना जे दिसते ते अनेकदा फसवते.

हिमॉन्कस करतो काय

हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. मादीत तांबडे आतडे आणि पांढरे गर्भाशय एकमेकांभोवती पिळलेले असल्याने पोट फाडून पाहिले की लगेच ओळखू येतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १२ किलोच्या करडात रक्त असते साधारण ८५० मिलिलिटर. पोटात ५०० जंत असतील तर रोज २५ मिलिलिटर, म्हणजे अंगातल्या रक्ताचा तीन टक्के हिस्सा जातो. प्रथिने कमी पडतात आणि जबड्याखाली पाणी उतरते. यात हगवण असतेच असे नाही. लेंड्या घट्ट आणि छान असतानाही करडू मरते, त्यामुळे मालकाला जंतांची शंका येत नाही.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उष्ण-दमट हवेत आठवडाभरात त्यांतून संसर्ग करणारी अळी तयार होते, ओल्या गवतावर थोडी वर चढते, शेळीच्या पोटात जाते आणि साधारण तीन आठवड्यांनी स्वतः अंडी घालू लागते. म्हणजे जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात चार पिढ्या सहज होतात. तुमच्या तलावाची कड हे तिचे माहेरघर आहे. अळ्या बहुतेक करून जमिनीलगतच्या काही सेंटिमीटर गवतातच असतात. बाभूळ, बोर, शेवरी, सुबाभूळ ओरबाडणाऱ्या शेळीला त्यामुळे जंत कमी लागतात. शेळी हा मुळात झुडपांचा पाला खाणारा प्राणी. गवत खाली मान घालून खात आलेल्या मेंढीने जंतांशी लढण्याची जेवढी ताकद कमावली, तेवढी शेळीने कमावलेली नाही. तलावकाठची कोवळी हिरवळ तिच्यापुढे टाकणे म्हणजे तिला तिच्या सवयीबाहेरच्या लढाईत ढकलणे.

सगळ्या शेळ्यांत जंत सारखे नसतात, आणि निवडीचा सगळा आधार हाच आहे. ढोबळ मानाने कळपातल्या पाचव्या हिश्श्यात बहुतांश जंत असतात. त्या आठ-दहा शेळ्या-करडे सगळे कुरण घाण करतात आणि बाकीच्यांना भोगावे लागते.

आधी औषध चालते का ते तपासा

दर महिन्याला एकच औषध पाजले जात असेल, तर कळपात त्याला न जुमानणारे जंत तयार झाले असण्याची दाट शक्यता आहे. खात्री अशी करा. महिनाभर औषध न दिलेली १० ते १५ करडे निवडा, वजन करा, लेंड्या घ्या आणि वजनाप्रमाणे बरोबर मात्रा द्या. १० ते १४ दिवसांनी त्याच करडांच्या लेंड्या पुन्हा तपासा. लेंड्यांत ग्रॅममागे जंतांची अंडी किती ते मोजायचे, पद्धत पुढे दिली आहे. ही सरासरी ९५ टक्क्यांहून कमी घटली असेल, तर औषध पुरेसे लागू नाही. १५०० वरून ६०० वर आली, तर घट फक्त ६० टक्के. ते औषध तुमच्या कळपापुरते गेले.

मात्र त्याआधी मात्रा तपासा. शेळीचे यकृत औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, म्हणून मेंढीच्या मात्रेत पाजलेले औषध शेळीत अपुरे पडते, आणि अपुरी मात्रा हाच जंतांना निर्ढावण्याचा सर्वांत सोपा मार्ग. अल्बेंडाझोल शेळीला किलोमागे १० मिलिग्रॅम लागते. २.५ टक्क्यांच्या द्रावणात ते २५ किलोच्या शेळीला १० मिलिलिटर होते. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात ते देऊ नये. लेव्हामिसोलची मात्रा मेंढीच्या दीडपट, म्हणजे किलोमागे १२ मिलिग्रॅम, यापुढे कधीच नेऊ नये. त्यात चालणारी मात्रा आणि विषारी मात्रा जवळजवळ आहेत. क्लोसँटेल जास्त गेले तर शेळी आंधळी होते. कोणते औषध घ्यायचे ते पशुवैद्यकाशी बोलून ठरवा, पण वजन काटा लावून करा. अंदाजाने २० किलो म्हटलेली शेळी काट्यावर बहुतेक वेळा २६ भरते.

चालणारे औषध सापडले की ते फक्त गरजूंना द्यायचे. गरज ओळखायला डोळ्याची खालची पापणी उलटून आतला रंग पाहतात. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फामाचा तक्ता याचसाठी आहे. गर्द लाल म्हणजे १, पांढराफटक म्हणजे ५. १ ला रक्तपेशींचे प्रमाण २८ टक्के किंवा जास्त असते, ३ ला १८ ते २२, आणि ५ ला १२ किंवा कमी. मोठ्या शेळ्यांत ४ आणि ५ ला औषध द्या. करडे, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या शेळ्यांत ३ लाच द्या. पावसाळ्यात दर १० ते १५ दिवसांनी उजेडात, सावली न पडू देता बघा. धूळ, उन्हाची झळ किंवा डोळे आलेले असले तर लाली खोटी असते.

औषध न दिलेल्या शेळ्यांच्या पोटातले जंत औषधाला अजून बळी पडणारे असतात. त्यांची अंडी कुरणावर पडत राहिली की निर्ढावलेल्या जंतांचे प्रमाण पातळ होते. सगळ्यांना एकाच दिवशी पाजून लगेच ताज्या कुरणावर सोडले, तर तिथे फक्त औषधातून वाचलेल्यांची वीण पेरली जाते. अनेक माहितीपत्रकांत हेच 'पाजा आणि हलवा' अजूनही छापलेले दिसते.

लेंड्यांची मोजणी

पापणीचा रंग औषधासाठी चांगला, पैदाशीसाठी अपुरा. लाल पापणीची शेळी दोन प्रकारची असते. एक, जिच्या पोटात जंत टिकतच नाहीत. ती खरी प्रतिकारक. दुसरी, जिच्या पोटात जंत भरपूर आहेत पण ती ते सोसते. दुसरी मालकाला आवडते, कारण ती मरत नाही आणि वजनही धरते. पण ती रोज लाखो अंडी कुरणावर टाकून शेजारच्या करडांना मारत असते. या दोघींत फरक करायला अंडी मोजण्याशिवाय उपाय नाही.

नमुना थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्यायचा. जमिनीवरच्या लेंड्या कोणाच्या, हे सांगता येत नाही. प्रत्येकाच्या दहा-पंधरा लेंड्या, म्हणजे पाच-सहा ग्रॅम, छोट्या पिशवीत घ्या, हवा दाबून काढून टाका, बिल्ल्याचा नंबर लिहा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यात एका दिवसात अंडी फुटू लागतात आणि आकडा खोटा कमी येतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस चालते. फ्रीजरमध्ये मात्र अंडी बिघडतात.

मोजणी मॅकमास्टर काचपट्टीवर करतात. सुमारे ४०० ग्रॅम मीठ एक लिटर गरम पाण्यात ढवळायचे, तळाशी थोडे मीठ न विरघळता राहिले म्हणजे द्रावण संपृक्त झाले. २ ग्रॅम लेंड्या २८ मिलिलिटर द्रावणात कुस्करायच्या, चहाच्या गाळणीतून गाळायच्या, ढवळत असतानाच ड्रॉपरने घेऊन पट्टीचे दोन्ही कप्पे भरायचे. पाच मिनिटे थांबायचे म्हणजे अंडी वर तरंगतात. मग सूक्ष्मदर्शकाच्या दहा पटीच्या भिंगाखाली दोन्ही चौकटींतली अंडी मोजून ५० ने गुणायचे. ३० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम आहेत आणि दोन चौकटींखाली मिळून ०.३ मिलिलिटर, म्हणजे आपण एका ग्रॅमचा पन्नासावा भाग पाहतो, म्हणून ५०.

काय मोजायचे नाही, हेही महत्त्वाचे. लांबट-गोल, पातळ कवचाची, आत पेशींचा पुंजका असलेली अंडीच मोजा. त्यांहून खूप लहान, गोलसर दिसतात ती रक्ती हगवणीच्या कॉक्सिडियाची. टेपकृमीची तिकोनी-चौकोनी असतात. ती वेगळ्या रकान्यात. यकृतातल्या पर्णकृमींची अंडी मिठाच्या द्रावणात तरंगत नाहीत, त्यामुळे ती न दिसणे म्हणजे पर्णकृमी नाहीत असे नव्हे. तलावकाठी चरणाऱ्या कळपात त्यांची तपासणी वेगळी करून घ्या. हिमॉन्कस आणि ट्रायकोस्ट्राँगिलस या पोटातल्या दुसऱ्या एका जंताची अंडी दिसायला जवळपास सारखीच असतात. कळपात कोणता जंत जास्त आहे हे जाणायला हंगामात एकदा एकत्र नमुन्यातून अळ्या वाढवून पाहाव्या लागतात. हे काम पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते. तुम्हाला उदगीर किंवा परभणी जवळ.

साधा सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टर पट्टी चार-पाच पशुपालकांनी मिळून घेतली तर परवडते. मोजायला एक जण शिकला की पुरे. उलट दर वेळी वेगळ्या माणसाने मोजले, तर शेळ्यांतला फरक आणि मोजणाऱ्यांतला फरक यांची सरमिसळ होते.

कधी मोजायचे

इथे बहुतेकांचे चुकते. जंत नसताना मोजून उपयोग नाही. एप्रिलमध्ये सगळ्यांचे आकडे शून्याजवळ येतात आणि त्यांवरून निवडलेला बोकड म्हणजे चिठ्ठी टाकून काढलेला बोकड.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेली करडे सर्वांत सोयीची. जूनपर्यंत ती दुधावरून तुटलेली असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच ते सात महिन्यांची होतात. जंतांविरुद्धची शक्ती त्याच वयात आकार घेत असते, म्हणून फरक तिथे उठून दिसतो. जूनच्या शेवटी सगळ्या करडांना चालणारे औषध एकदा द्या. म्हणजे सगळे एकाच रेषेवरून सुरू होतात. सरसकट औषधाला सूट फक्त या चाचणीपुरती. मग किमान पाच-सहा आठवडे त्यांना एकत्र, एकाच कुरणावर, एकाच खुराकावर चरू द्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोणतेही दहा नमुने मोजा. सरासरी ५०० च्या वर आणि शून्यवाले दोन-तीनच असतील, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे नमुने घ्या. सरासरी २०० असेल तर आणखी दोन आठवडे थांबा. थांबताना पापण्या बघत राहा. करडू मरू देणे हा चाचणीचा भाग नाही. पापणी ३ झाली की नमुना घेऊन लगेच औषध द्या आणि वहीत त्याच्यासमोर 'औषध लागले' अशी खूण करा. ती खूण हाच त्याचा निकाल. पुढच्या मोजणीत त्याचा कमी आकडा औषधाचा असतो, त्याचा स्वतःचा नसतो.

पहिल्या मोजणीनंतर गटाला पुन्हा औषध देऊन पाच-सहा आठवड्यांनी दुसरी मोजणी करता आली तर उत्तम. गट तगडा असेल तर औषध न देता तीन-चार आठवड्यांनीही चालते. एका मोजणीवर भरवसा कमी, कारण एकाच करडाचा आकडा दोन आठवड्यांत निम्मा-दुप्पट होऊ शकतो. दोन्ही वेळा खालच्या पावात आलेला बोकड खरा.

तुलना सारख्यांत सारखी करा. जुळ्यातले करडू एकट्यापेक्षा दूध कमी प्यालेले, म्हणून जंतांपुढे कच्चे असते. ते न पाहता नुसती कमी अंडी निवडत गेलात, तर नकळत एकेकटी करडे निवडली जातात आणि काही वर्षांत कळपातला जुळ्यांचा गुण घटतो. उस्मानाबादीची किंमतच जुळ्यांत आहे. म्हणून जुळे-तिळे वेगळे, एकटी वेगळी आणि नर-माद्याही वेगळ्या अशा याद्या करून प्रत्येक यादीत चढता क्रम लावा. सरासरी काढू नका. ९००० वाला एकच नमुना सगळी सरासरी फिरवतो. क्रमांक पाहा.

मोठ्या शेळ्यांतही असेच. विण्याच्या सुमारास आणि नंतरचे काही आठवडे अंडी वाढतातच, जुळी पाजणारीची जास्त. व्यालेली शेळी भाकडीशी ताडून बाद करू नका. पण व्यालेल्यांतच दोन हंगाम वरच्या दहा टक्क्यांत येणारी आणि दोनदा औषध लागलेली शेळी ठेवू नका. करडांना पहिला संसर्ग तीच देते.

किती फरक पडेल

अंड्यांच्या संख्येत आनुवंशिकतेचा वाटा शेळीत मेंढीपेक्षा कमी येतो, ०.१ ते ०.३ धरणे व्यवहाराला ठीक. ग्वादलूप बेटावरच्या क्रेओल शेळ्यांवर फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले, तिथे दूध तुटताना हा वाटा सुमारे ०.१४ होता आणि पुढच्या तीन महिन्यांत ०.३३ पर्यंत वाढला. दूध तुटल्या तुटल्या घाईने मोजू नये, याचे हे चांगले कारण आहे.

हिशेब मांडून पाहा. नर करडांची सरासरी १२००, निवडलेल्या बोकडांची ४००. फरक ८००. माद्या न निवडता ठेवल्या तर आई-बापाच्या सरासरीत हा फरक निम्मा, ४००. वाटा ०.२ धरला तर पुढच्या पिढीत उतरेल ते ८०. म्हणजे १२०० चे ११२०. पिढी सुमारे दोन वर्षांची. एवढ्या कमीसाठी कशाला कष्ट, असे वाटेल. पण हा फरक साठत जातो, माद्यांतही निवड केली की वाढतो, आणि कमी अंडी पडल्याने कुरण स्वच्छ होते त्याचा फायदा वेगळा मिळतो. पहिल्या दोन वर्षांत जो मोठा फरक दिसेल तो मात्र पैदाशीचा नसेल. वाईट आठ शेळ्या काढल्याचा, चालणारे औषध सापडल्याचा आणि तलावकाठ टाळल्याचा असेल.

एका गोष्टीची आशा ठेवू नका: कमी अंडी म्हणजे कमी हगवण. पश्चिम ऑस्ट्रेलियात रायलिंग्टन मेरिनो मेंढ्या १९८७ पासून कमी अंड्यांसाठी निवडल्या गेल्या. अंडी घटली, पण शेण पातळ होण्याचे प्रमाण त्यासोबत घटले नाही. आतड्याची अळ्यांविरुद्धची जोरदार प्रतिक्रिया स्वतःच हगवण घडवू शकते. शेपटीची घाण हा वेगळा रकाना ठेवा.

'रोगप्रतिकारक जीन'ची रक्ततपासणी करून बोकड विकणारे भेटले तर हात आखडता घ्या. हा गुण शेकडो जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्यांनी बनतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीतला जुळ्यांचा फेक-बी जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. तो एकच जनुक असल्याने रक्तातून नेमका तपासता येतो. जंतांच्या प्रतिकाराला अशी एक कळ नाही. गंमत अशी की त्याच संस्थेच्या चाचण्यांत गारोळचे रक्त असलेल्या कोकरांत जंतांची अंडीही कमी दिसली. पण गारोळ लहानखुरी जात आहे आणि संकरात वाढीचा वेग घटतो.

बोकड ठरवणे

चाळीस शेळ्यांमागे सहा महिन्यांची करडे साधारण ५५ ते ६० उरतील, त्यांत नर २८-३०. तीन महिन्यांच्या वजनावर खालचा निम्मा भाग विक्रीसाठी वेगळा काढा. अंडी कितीही कमी असली तरी न वाढणारा बोकड मांसाच्या जनावरात नको. उरलेले १४-१५ पूर्ण पावसाळा चाचणीत. ऑक्टोबरमध्ये दोन्ही मोजण्या आणि सहा महिन्यांचे वजन समोर ठेवून तीन निवडा. दोन वापरायला, एक राखीव. वृषण दोन्ही सारखे आणि घट्ट, जबडा जुळणारा, खूर सरळ, आई जुळी देणारी आणि औषध न लागणारी. ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या, तो रोग माणसालाही होतो.

यात बाजार आडवा येतो. सर्वांत वेगाने वाढणारे, डौलदार नर बकरी ईदच्या व्यापाऱ्याला आधी जातात आणि जे कोणी घेत नाही ते मागे राहून कळपाचे बाप होतात. वर्षानुवर्षे उलटी निवड चालू राहते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. सध्या काही वर्षे ती ऑक्टोबरच्या निवडीनंतर सहा-सात महिन्यांनी येत असल्याने वेळापत्रक जुळते. ठेवायचे तीन आधी ठरवा, त्यांना वेगळ्या रंगाचा बिल्ला मारा आणि भाव कितीही आला तरी ते दाखवू नका.

नर करडे चार-पाच महिन्यांत माजावरच्या शेळीला लागू शकतात, तेव्हापासून वेगळी ठेवा किंवा खच्ची करा; नाहीतर निवडीला अर्थच उरत नाही. निवडलेला बोकड पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दीड वर्षाचा झाल्यावर वापरा. एका बोकडामागे २० ते २५ शेळ्या. दोन बोकड एकाच वेळी सोडले तर बाप कळत नाही, म्हणून त्या दीड महिन्यात कळपाचे दोन भाग करा. गाभण काळ १५० दिवसांचा, त्यामुळे करडे पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील. प्रत्येक बोकडाची १५-२० करडे मोजली गेली की खरा बाप कोण ते कळते. स्वतःचे आकडे चांगले आणि करडांचे वाईट असा बोकड निघतोच, त्याला विका.

दोन वर्षांनंतर त्याच कळपात त्याच्या मुली माजावर येतात. बाप-लेकीच्या संकरात सख्खेपणाचा गुणांक २५ टक्के होतो, आणि अशी करडे कशालाच टिकत नाहीत. म्हणून एकट्या चाळीस शेळ्यांवर हे काम फार पुढे जात नाही. पाच-सहा कळपांनी एकाच पद्धतीने मोजायचे, प्रत्येकाने आपल्याच कळपात क्रम लावायचा आणि निवडलेले बोकड दर दोन वर्षांनी ठरलेल्या क्रमाने पुढच्या कळपाला द्यायचे. एका कळपाचा ६०० दुसऱ्याच्या ६०० शी ताडून पाहू नका. कुरण वेगळे असते.

बाहेरून बोकड आणावाच लागला तर

बोअर या परदेशी मांसल जातीचा मोह आवरा. अमेरिकेत टेनेसी राज्य विद्यापीठाने बोअर, किको आणि स्पॅनिश शेळ्या एकाच चराईवर ठेवून पाहिल्या, तेव्हा बोअर माद्या जंतांत आणि टिकण्यात मागे राहिल्या. बंदिस्त पाळून, तयार खुराकावर विकायची करडे काढायची असतील तर बोअरचे रक्त वजन देते. तलावकाठी चरणाऱ्या कळपात ते जोखीम वाढवते.

प्रदर्शनातला, मका आणि सोयाबीन पेंडीवर मचाणात वाढलेला बोकड पाहून त्याच्या लाल पापण्यांवर जाऊ नका. त्याला जंत लागलेच नाहीत, मग त्याने आवरले काय हे कोणी पाहिले? पावसाळ्यात चरलेल्या कळपातला, शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वतः लेंड्या घेऊन तपासलेला घ्या. त्याच वयाची त्याच कळपातली आठ-दहा करडेही मोजा. तो एकटा ३०० असून बाकीचे ३०० च असतील तर त्यात विशेष काही नाही.

आणल्यावर तीन आठवडे वेगळा, सुक्या फरशीवर ठेवा. पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या गटांतली दोन औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पूर्ण मात्रेत द्या, कारण त्याच्यासोबत दुसऱ्या गावचे निर्ढावलेले जंत येतात. सुरुवातीच्या चार-पाच दिवसांच्या लेंड्या गोळा करून जाळा, चराईच्या वाटेवरच्या शेणखड्यात टाकू नका. बाराव्या-चौदाव्या दिवशी मोजा. शून्य आले तर पुढच्या आठवड्यात कळपात सोडा. पण ताज्या कुरणावर नको, तुमच्या शेळ्या जिथे चरल्या आहेत तिथेच सोडा, म्हणजे त्याच्यातून उरलेसुरले पडले तरी ते तुमच्या जुन्या जंतांत विरून जाईल. ५० किंवा १०० आले तरी तो तसाच थांबवा आणि तिसऱ्या गटातले औषध देऊन पुन्हा मोजा.